गप्प राहील असा पक्षी

१

आतून दादाने किती वेळ हाका मारल्या?

धाकट्याने हे डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि "तसं सांगता येत नाही" म्हणाले. ठेकेदाराला विचारलं, तर त्याने पाठीवर हात ठेवला. "लगेच गेला रे तो. त्याला कळलंसुद्धा नसेल." लगेच म्हणजे किती, ते त्यालाही सांगता येईना. आईला विचारायची धाकट्याची छाती झाली नाही.

दोघा भावांचं काम आवाज अडवायचं. कुणाला गाणी भरायला खोली हवी असते, कुणाला कान तपासायला. भिंतींना आतून काचलोकर भरायची, वर फोम चिकटवायचा, दाराच्या कडांना रबराची पट्टी बसवायची. बाहेरचं आत जाता कामा नये, आतलं बाहेर येता कामा नये. शाळेत धाकट्याचं डोकं कधी चाललं नाही, पण पट्टी कुठे ढिली राहिली आहे ते तो नुसतं बोट फिरवून सांगायचा.

खोली पुरी झाली की परीक्षा. दादा आत जाऊन बोंब ठोकायचा आणि धाकटा बाहेरून दाराला कान लावायचा. दादा बाहेर आला की विचारायचा, "काय ऐकलंस?"

"काहीच नाही."

"बरं झालं. तुलाच शिव्या घालत होतो."

त्या दिवशी काम होतं एका दवाखान्यातल्या कान तपासायच्या खोलीचं. खोली कसली, माणूस बसेल एवढा खोकाच. आतली मूठ बसवायची राहिली होती. धाकट्याच्या पिशवीत होती ती. दादा म्हणाला, "आधी आवाज बघू, मूठ काय, मागाहून लावू." तो आत गेला, धाकट्याने दार ओढून घेतलं आणि कान लावला. काही नाही. अक्षर नाही. इतकं चांगलं काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. धाकट्याचा स्वभावच तसा, आनंद झाला की पाय जमिनीवर ठरत नाहीत. तो धावत जिना उतरून ठेकेदाराला घेऊन आला. ठेकेदाराने कान लावला. दवाखान्याच्या माणसाने कान लावला. दोघंही "वा" म्हणाले. मग छताला कुठला रंग द्यायचा यावर थोडं बोलणं झालं.

दादाला लहानपणापासून दम्याचा त्रास होता.

मग दार उघडलं.

२

त्यानंतर घरात आई आणि धाकटा. तिसऱ्या मजल्यावरचं घर: बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि मागे एक लहान खोली, जिथे दोघे भाऊ झोपायचे. आता धाकटा बाहेरच्या खोलीत अंथरूण घालायचा.

घरातला आवाज म्हणजे दादाच होता, हे तो गेल्यावर कळलं. आंघोळीला गेला की गाणं, चप्पल काढली की भिंतीवर आपटणार, हातोडी ठेवली की पडणार. आता आई भांडं ठेवायची तेही दोन्ही हातांनी, जसं कुणी झोपलं आहे. जेवताना दोघं एकमेकांच्या ताटात बघायचे. तोंडाकडे बघणं टाळायचे.

एकदा असंच जेवता जेवता धाकटा म्हणाला, "आई, आपण पक्षी आणू."

आईने घास खाली ठेवला. "कशाला?"

"असू दे घरात काहीतरी. तुला सोबत."

त्याला वाटलं, आई नाही म्हणेल. आई म्हणाली, "मालकीणबाईंना विचार आधी."

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. तिचं डोकं दुखायचं, आणि त्याला कारण नेहमी वरचा मजला असायचा. ती म्हणाली, "कुत्रं नको, मांजर नको. पक्षी चालेल. पण तोंड बंद ठेवणारा. माझ्या कानावर एक चिवचिव आली तर पिंजऱ्यासकट तुम्ही बाहेर."

पक्षीवाल्याच्या दुकानात पाऊल टाकलं तर कानठळ्या बसल्या. वर्षानुवर्षं पक्ष्यांच्या वरताण बोलून त्या माणसाचा घसा फाटला होता.

"शांत पक्षी पाहिजे," धाकटा ओरडला.

"भुसा भरलेला देऊ? अजिबात बोलत नाही."

"मस्करी नको हो. फ्लॅट आहे, खाली मालकीण आहे."

"सगळ्यांच्याच खाली कोणीतरी असतं." पक्षीवाला स्टुलावरून उठला आणि पिंजऱ्यांच्या रांगेतून चालू लागला. "पोपट विसर. काकाकुवा तर रस्त्याच्या त्या टोकाला ऐकू जातो. हे लव्हबर्ड, नावाला प्रेमाचे, दिवसभर वचावचा भांडतात. होला गरीब दिसतो, पण घुमायला लागला की भिंतीतून पलीकडे जातं. बजरी बडबडते, पण बारीक आवाजात, शेजारी रेडिओ लावल्यासारखी. आणि हे फिंच. खेळण्यातली गाडी बघितलीस? टूट, टूट. त्याच्या वर आवाज नाही."

"हाच द्या. एक."

"एक नको. जोडी घे." पक्षीवाल्याने जाळीला बोट लावलं. "एकटा पक्षी हाका मारतो. त्याला उत्तर पाहिजे असतं. जोवर मिळत नाही तोवर मारतच राहतो. वेड्यासारखा. जोडी असली की मग काय, इकडचं तिकडचं बोलतात आणि गप्प बसतात."

धाकटा फिंचकडे बघत राहिला. "आणि उत्तर मिळालंच नाही तर?"

"तर काय. थकतो." पक्षीवाल्याने खांदे उडवले. "नाही जमलं तर आणून दे. बदलून देईन."

३

आईने पिंजरा मागच्या खोलीत ठेवला, खिडकीजवळच्या स्टुलावर. "इथे ऊन येतं," म्हणाली.

दोन इवलेसे पक्षी, लाल चोचींचे, दुकानात आणि वाटेत सारखे टूट-टूट करत होते. खोलीत ठेवल्यावर ते गप्प झाले. धाकट्याला वाटलं, नवी जागा आहे, बुजले असतील. दुसऱ्या दिवशीही गप्प. तिसऱ्या दिवशी घरमालकीण वर आली, बाहेरच्या खोलीत उभी राहून मागच्या दाराकडे मान वाकडी करून ऐकत राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा हसली.

"असा पक्षी पाहिजे," म्हणाली. "नाहीतर त्या चौथ्या मजल्यावरच्यांचा, मेला, सूर्याच्या आधी उठतो."

आई दारापाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जरा कौतुक होतं, पोर वर्गात पहिलं आल्यावर असतं तसं.

पिंजऱ्याचा तळ साफ करायचं काम धाकट्याकडे होतं. घरात दाणे सांडतात म्हणून तो पिंजरा घेऊन जिन्यात गेला. पायरीवर ठेवायच्या आतच सुरू झालं. टूट, टूट, टूट. एकाच्या वर एक, श्वास न घेता, जणू तोंडावरचा हात निघाला.

त्याने पिंजरा उचलून आत आणला. बाहेरच्या खोलीत टूट, टूट. स्वयंपाकघराच्या दाराशी टूट, टूट. मागच्या खोलीत गेला आणि थांबलं.

'घाबरत असतील त्या खोलीला,' त्याने मनाशी म्हटलं. मग त्यालाच प्रश्न पडला, की पक्ष्याने एका खोलीला का घाबरावं. खिडकी होती, ऊन होतं, दादाची कॉट होती, कॉटवर फोमची गादी. खुंटीवर शर्ट होता, तो आईने काढू दिला नव्हता. बस्स.

४

"बदलून पाहिजे," तो पक्षीवाल्याला म्हणाला.

"जास्त ओरडतात?"

"ओरडतच नाहीत. मला आवाज करणारा द्या."

पक्षीवाल्याने त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "मालकीण मेली का?"

"नाही. तुम्ही द्या."

"माझे फिंच गप्प बसले?" त्याला ते पटेना. "पक्षी दोनदाच गप्प बसतो बघ. एक, डोक्यावर ससाणा असला तर. दोन, त्याला उत्तर मिळालं तर. तुझ्याकडे ससाणा आहे?"

धाकटा हसला नाही. पक्षीवाल्याने फिंच परत घेतले आणि बजरीची एक जोडी काढून दिली, हिरवा नर आणि निळी मादी. "हा हिरवा म्हणजे लाउडस्पीकर. गिऱ्हाइकं परत आणून देतात. हाही गप्प बसला तर मला घरी बोलाव, मी येऊन राहतो."

बसमध्ये हिरव्याने सगळ्यांची करमणूक केली. एक म्हातारबाबा म्हणाले, "याला पुढच्या सीटवर बसवा, हॉर्नचं काम होईल." लोक हसले. धाकटाही हसला. कितीतरी दिवसांनी हसल्यामुळे त्याचे गाल दुखले.

हिरवा जिन्यात बडबडत होता. बाहेरच्या खोलीत बडबडत होता. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर धाकट्याने पाय ठेवला, पिंजरा आत गेला, आणि आवाज गेला. हळूहळू नाही. कात्रीने दोरा कापावा तसा.

तो एक पाऊल मागे आला. बडबड. पुढे गेला. काही नाही. पिंजरा हातात धरून तो असाच पुढेमागे होत राहिला. कुणी पाहिलं असतं तर वेडा म्हटलं असतं.

मग त्याने पिंजरा आत स्टुलावर ठेवला आणि गुडघ्यांवर बसून जवळून पाहिलं. हिरवा गप्प नव्हता. त्याची चोच उघडत होती, मिटत होती. गळ्यावरची पिसं थरथरत होती. सगळं अंग हलत होतं. तो ओरडत होता, आणि मादीही ओरडत होती, आणि खोलीत एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

धाकट्याला पळून जावंसं वाटलं. पण हे त्याच्या धंद्यातलं होतं, म्हणून तो पळाला नाही. नव्या खोलीत ते दोघे करायचे तेच त्याने केलं. मधोमध उभा राहिला आणि टाळी वाजवली. तळहात झोंबले. आवाज आला नाही. पुन्हा वाजवली, जोरात. काही नाही. कितीही फोम लावा, कितीही लोकर भरा, टाळीचा कोरडा 'टप' तरी कानाशी येतोच. इथे तोही नव्हता. आणि भिंतीला फोम नव्हता. त्याने चारी भिंतींवरून हात फिरवला. साधा गिलावा, जागोजागी पोपडे आलेला. दाराखालून बोटभर फट. ह्या खोलीतून तर दादाचं घोरणं पार रस्त्यावर जायचं.

कानातच बिघाड झाला असेल, असं त्याने ठरवलं. तो स्वयंपाकघरात गेला, ओट्यावरची वाटी चमच्याने वाजवली. खणखणीत.

"काय रे, भूक लागली?" आई म्हणाली.

५

आता आई दिवसभर मागच्या खोलीत बसू लागली. कॉटच्या कडेला बसायची, पिंजऱ्याकडे तोंड करून. धाकटा कामावरून आला की ती बाहेर यायची, चहा टाकायची. तिचा चेहरा उजळला होता. पण घरातलं तिचं बोलणं कमी होत गेलं. आधी 'हात धू,' 'उशीर का झाला' एवढं तरी होतं. मग मान हलवून होऊ लागलं.

एकदा त्याने उंबऱ्यावरून पाहिलं. आई बोलत होती. ओठ भरभर हलत होते, हातवारे चालले होते. मध्येच ती थांबायची, ऐकायची, हसायची, आणि पुन्हा सुरू. धाकट्याला काही ऐकू येत नव्हतं.

ती बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "कोणाशी बोलत होतीस?"

"पक्ष्यांशी."

"ते कुठे बोलतात? त्यांचा आवाजच नाही."

आईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ताप भरलेल्या पोराकडे बघतात. "अरे, कान किटवलेत त्यांनी. तुला नाही येत ऐकू?"

धाकटा म्हणाला, "मालकीणबाईंनापण नाही आलं."

"त्या कुठे आत आल्या? बाहेरून ऐकत होत्या. बाहेरून कसं येईल?"

"मी आत गेलो होतो, आई."

आई कपात चहा गाळत राहिली. चहा कपाच्या वर आला, बशीत सांडला, तरी तिचं लक्ष नव्हतं. मग अगदी साध्या आवाजात, भाजी आणलीस का विचारावं तशी, ती म्हणाली, "तो हाका मारत होता तेव्हा तू ऐकत होतास ना?"

"हो."

"कान लावून?"

"हो."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि बशी पुसली.

त्या संध्याकाळी धाकटा रस्त्यावरून नुसता फिरत राहिला. दुकानं होती, गाड्या होत्या, माणसं एकमेकांना हाका मारत होती आणि माणसं वळून बघत होती. एवढ्या आवाजात त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. आई त्याला दोष देत नव्हती. दोष दिला असता तर त्याने पाय धरले असते. ती नुसती एका बाजूला होती आणि तो दुसऱ्या, आणि मधलं काम चोख झालं होतं.

६

सुट्टीचा दिवस होता, दुपार. आई स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या घालत होती. मागच्या खोलीचं दार लागलेलं होतं. वाऱ्याने लागलं असेल. धाकटा ते उघडायला गेला आणि मुठीवर हात ठेवण्याआधी, का कोण जाणे, त्याने तळहात दाराच्या फळीवर टेकवला. काम तपासताना ते दोघे असंच करायचे. कानाला न कळणारं हाताला कळतं.

फळी हादरत होती.

वाऱ्याची हादर वेगळी असते, रस्त्यावरच्या ट्रकची वेगळी. ही थांबून थांबून येत होती. एक दणका, मग थोडं काही नाही, मग दोन. त्याने हात खाली सरकवला. वर कमी होती, खाली जास्त. उभ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर नव्हती. खाली बसलेल्या माणसाचा हात पोचेल, तिथे होती.

'बजरी पिंजऱ्यात फडफडत असेल,' त्याने स्वतःला सांगितलं. बजरी मुठीएवढी. 'आईने आत जाऊन काही आपटलं असेल.' पण त्याच्या मागे आई टॉवेल झटकत होती. तो झटकल्याचा फट्ट आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला.

"उघड ना," आई मागून म्हणाली. "उभा काय राहिलास?"

त्याने दार उघडलं. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं, म्हणून तो आपसूक मागे झाला. खोलीत ऊन होतं. पिंजऱ्यात दोघं बजरी एकाच कोपऱ्यात, दाराच्या बाजूच्या जाळीला बिलगून बसले होते, चोची उघड्या. पाण्याच्या वाटीत बारीक बारीक वलयं उठत होती. ती बराच वेळ उठत राहिली.

तो तसाच खाली गेला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून मावशीला फोन लावला. "आईला घेऊन जा," म्हणाला. "थोडे दिवस तुझ्याकडे ठेव."

"का रे, आजारी आहे?"

"नाही. इथे फार शांत आहे."

"मग बरंच आहे की," मावशी म्हणाली. मग त्याचा श्वास ऐकून तिनेच म्हटलं, "येते मी. टेम्पो करून येते."

७

आई आढेवेढे घेईल असं त्याला वाटलं होतं. तिने मुकाट्याने बोचकी बांधली. घर सोडायचंच ठरलं. धाकटा म्हणाला होता, की आता मी इथे एकटा राहणार नाही. घरमालकिणीने "एवढे शांत भाडेकरू परत मिळायचे नाहीत" म्हणून हळहळ केली. मावशी टेम्पोवाल्याला सामान दाखवत होती. ती दिसायला आईसारखीच होती, पण तोंड सतत चालू. "ती बादली आडवी नको रे, तिच्या पोटात डबे आहेत. आणि आरसा बायकोसारखा धर, आपटू नको."

"बायको नाही मला, मावशी."

"मग आरशाचीच सवय कर."

आई पिंजरा आणायला मागे गेली. दार लागलं.

धाकटा बोचकं टाकून धावला. हात फळीवर गेला. आता हादरी दोन होत्या. एक पहिलीच, जड. तिच्या शेजारी दुसरी, हलकी. भराभर, गमतीत दोघांनी मिळून डबा वाजवावा तशी. त्याने मूठ ओढली. दार येईना. त्याला कडी नव्हती, कुलूप नव्हतं. तो "आई" म्हणून ओरडला आणि फळीवर दोन्ही मुठी आपटल्या. लाकडाला लागल्यासारखं वाटलंच नाही. चांगल्या भरलेल्या दारावर हात मारला की जसं मऊ, मुकं लागतं, तसं लागलं. या वेळी त्याने कान लावला नाही. कोणाला बोलवायलाही गेला नाही. भिंतीला पाय लावला आणि सगळ्या अंगाने ओढलं.

दार आलं. तो पाठीवर पडला.

आई कॉटवर बसली होती. आडव्या पडलेल्या धाकट्याला आधी तिचे पाय दिसले, मग तोंड. ती बोलता बोलता थांबली होती. मान बाजूला वळवलेली होती, शेजारी बसलेल्याच्या तोंडाकडे बघतात तशी. तिथून तिने ती धाकट्याकडे वळवली. कुणी मध्येच आत आलं की जसं जरा त्रासून, मग हसून बघतात, तशी.

ती उठली, पिंजरा घेतला आणि बाहेर आली.

ती बसली होती तिथे गादीला खळगा पडला होता. फोमच तो, दाबला की हळूहळू वर येतो. आईचा खळगा भरून आला. त्याच्या शेजारचा, त्याहून खोल आणि रुंद, अजून तसाच होता. धाकटा बघत असतानाच तो सावकाश वर येऊ लागला.

८

आईला टेम्पोत पुढे बसवलं, मांडीवर पिंजरा. रस्त्यावर हिरव्याने बडबडून बडबडून टेम्पोवाल्याला हैराण केलं. धाकटा खिडकीशी उभा राहिला. आईने काच खाली केली आणि त्याला काहीतरी म्हणाली.

ओठ हलले. त्याला ऐकू आलं नाही.

"काय?"

ती पुन्हा म्हणाली. रस्त्यावर गाड्या वाजत होत्या, हिरवा ओरडत होता, वरच्या गच्चीवर कुणी गालिचा झोडपत होतं. ते सगळं त्याला ऐकू येत होतं. पलीकडे बसलेली मावशी मात्र मान डोलावत होती. "हो ग, हो. मी सांगते त्याला जेवायचं."

तेव्हा धाकट्याला कळलं, की आता विचारलं नाही तर कधीच विचारता येणार नाही. त्याने खिडकीची कड धरली.

"आई, दादाने आतून किती वेळ हाका मारल्या?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि सांगायला लागली. ती बराच वेळ सांगत होती. तिचे ओठ शांतपणे, एकेक शब्द पुरा करत हलत होते. मध्ये ती एकदा हसली, दादाची काही गंमत सांगताना हसायची तशी. एकदा तिने तळहाताने हवेत दोन दणके मारून दाखवले. धाकटा तिच्या तोंडाकडे जीव डोळ्यांत आणून बघत होता. मावशीने तोंडाला पदर लावला.

आई थांबली. धाकट्याने मान हलवली, कळल्यासारखी.

"काय म्हणाली?" त्याने मावशीला विचारलं.

मावशीचे डोळे वाहत होते. "तुझ्यासमोरच तर सांगितलं तिने," ती म्हणाली. "ते मला नको रे पुन्हा बोलायला लावू."

टेम्पोवाल्याने इंजिन चालू केलं. "चला, निघायचं?"

"थांबा, वर काहीतरी राहिलंय," धाकटा म्हणाला आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेला.

रिकाम्या घरात त्याची पावलं घुमत होती. मागच्या खोलीचं दार पुन्हा लागलं होतं. या वेळी ते लगेच उघडलं. त्याने ते पार मागच्या भिंतीला टेकेपर्यंत नेलं. हत्यारांच्या पिशवीतून लाकडाचा एक ठोकळा काढला, दाराच्या पायाशी लाकडी जमिनीवर घट्ट बसवला आणि लांब खिळे घेऊन ठोकायला बसला. घरमालकीण शिव्या घालणार होती, पुढचा भाडेकरूही घालणार होता. घालू देत. दार पुन्हा मिटता कामा नये एवढंच त्याला हवं होतं. हातोडी उतरत होती, खिळा आत जात होता, आणि आता उंबऱ्याबाहेरही आवाज येत नव्हता. आवाज नसल्यामुळे त्याने नेम धरून, बघून बघून ठोकलं. शेवटचा खिळा बसल्यावर त्याने हातोडी खाली ठेवली. गुडघ्यांखालच्या जमिनीत दणके चालूच होते, जड आणि त्यांच्या शेजारी हलके.

धाकटा उठला. उंबऱ्यावर उभा राहिला. खोलीत ऊन होतं, खुंटी रिकामी होती, मागे ठेवलेल्या गादीवर कोणी नव्हतं. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

"दादा," तो म्हणाला, "आई, दार उघडं आहे."

आपला आवाज त्याला ऐकू आला नाही. म्हणून त्याने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं. तोही ऐकू आला नाही. त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि पुन्हा सांगितलं.